रायपूरचं पंचक, व्हायोलाविना

चेलो घेऊन रेल्वेने जायचं म्हणजे त्याच्यासाठी वेगळा बर्थ घ्यावा लागतो. सामानाच्या डब्यात तो टाकवत नाही, बर्थखाली सरकत नाही, आणि मांडीवर घेऊन बसायला तो काही नातू नाही. म्हणून पुण्याहून निघताना मी दोन जागा घेतल्या. खालची त्याची, मधली माझी. टीसीने एकदा पेटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खूण करून तो पुढे गेला. त्रास झाला तो अकोल्याला चढलेल्या एका बाईंचा. त्या गोंदियाला लेकीकडे निघाल्या होत्या. पेटीचा लांबोडका आकार पाहून त्या समोरच्या बर्थच्या अगदी कडेला बसल्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की हे वाद्य आहे, आणि मी रायपूरला मैत्रिणीकडे पंचक वाजवायला चालले आहे.

"पंचकात वाजवतेत का कुठं?" त्या म्हणाल्या. "पंचकात तं आमच्याकडं खिळाही ठोकत नाहीत, बाई."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. पियानो आणि चार तारवाद्यं, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो, अशा पाच जणांसाठी पाश्चात्त्य संगीतात ज्या रचना आहेत, त्यांना आम्ही आपलं पंचक म्हणतो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने जरा मोठी, आवाज खालचा, थोडा घोगरा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डब्यातली तिळाची चटणी माझ्या पोळीवर वाढली. पाचातला एक जण आला नाही तर काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेच बघायला चालले आहे.

आमचं पंचक पुण्यातलं. जिच्याकडे निघाले होते ती वसू मूळची अमरावतीची, नागपूरला नन्सकडे पियानो शिकलेली. कॉलेजसाठी ती पुण्याला आली आणि वसतिगृहात माझ्या आणि नलूच्या खोलीत तिसरी म्हणून राहिली. नलू व्हायोला वाजवायची. दोन व्हायोलिनवाले बाहेरून मिळाले, एक म्हातारे पारशी गृहस्थ आणि एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. संगीतकारांची नावं आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नसत, त्यामुळे आम्ही त्यांना त्यांच्या देशाच्या नावाने ओळखायचो. 'जर्मन' सगळ्यांचा आवडता, कारण त्याच्यात वाजवणाऱ्याला आनंद व्हायला वेळ लागत नाही. 'दुसरा जर्मन' आम्हाला कधीच झेपला नाही. 'रशियन' वाजवायला बसलो की पारशीबाबा चष्मा काढून ठेवायचे, म्हणायचे की आता दिसून उपयोग नाही.

कमी माहितीची पंचकं हुडकायचा नाद नलूचा. एका फ्रेंच बाईंची दोन पंचकं तिने कुठूनशी झेरॉक्स करून आणली होती. त्यांत दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी डबल बेस, म्हणजे चेलोहूनही थोराड वाद्य, आहे, म्हणून आमचा विद्यार्थी दोन रविवार रुसून बसला. एका हंगेरियन मुलाने शिकत असताना लिहिलेलं पंचक तिने आणलं, आणि पहिल्या पानावरच आम्ही सगळे थांबलो, कारण इतक्या कोवळ्या वयात एखाद्याला एवढं भरून येऊ शकतं यावर आमचा विश्वास बसेना. पण फिरून फिरून आम्ही यायचो 'झेक'कडे. त्याचं पंचक चेलो सुरू करतो. पियानोने दोन क्षण पाणी हलवल्यासारखं केलं की लगेच मी. आणि दुसऱ्या भागात, जिथे सगळं शांत होतं, तिथे धून व्हायोलाची. नलूची.

वसूचं लग्न झालं, ती भोपाळला गेली, आणि पंचक मोडलं. पियानोवाली गेल्यावर उरलेले चौघे काही दिवस जमलो, मग तेही राहिलं. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा वसूच्या नवऱ्याची, दिवाकररावांची नोकरी नव्या राज्याच्या वाट्याला आली. ट्रकमध्ये सामान चढत होतं त्याच आठवड्यात इकडे पुण्यात नलू गेली. वसू येऊ शकली नाही. मी फोनवर सांगितलं, ती बरं म्हणाली, आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दर पंधरवड्याला बोलायचो. रायपूरचं ऊन, क्वार्टरचा गळका नळ, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीची परीक्षा. नलूचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

मग फेब्रुवारीत तिचा फोन आला. रायपुरात तिला एका जुन्या सभागृहात पियानो सापडला होता. ती रोज जाऊन वाजवायची. दोन व्हायोलिनवालेही सापडले होते. पण राजधानी झाल्यापासून सरकारला जागा पुरेना. ते सभागृह एका नव्या खात्याला कचेरीसाठी मिळालं होतं. पियानो तिथून हलणार होता, आणि वसूच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना त्याला अरुंद होता.

"हलायच्या आधी एकदा झेक वाजवू," ती म्हणाली. "चेलो नाही इथं. तू ये."

व्हायोलाचं काय, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

शंकर नगर

गोंदियानंतर रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, आणि डोंगरगडचा डोंगर मागे पडला की जमीन सपाट होत जाते ती रायपूरपर्यंत. स्टेशनवर वसू आणि दिवाकरराव दोघेही आले होते. वसूचे केस पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवले नव्हते. तिने मला मिठी मारली नाही. चेलोची पेटी एका हाताने धरली आणि म्हणाली, "किती जाडी झाली व तू."

रस्त्याने सगळीकडे ओल्या रंगाचा वास येत होता. साध्या बंगल्यांच्या फाटकांवर नव्या खात्यांच्या पाट्या, त्यांवर छत्तीसगढ शासन अशी अक्षरं, काही ठिकाणी खालची जुनी पाटी अजून पुसट दिसणारी. एका बंगल्याच्या दोरीवर कपडे वाळत होते आणि त्याच्याच व्हरांड्यात संचालक बसत होते. दिवाकरराव म्हणाले की त्यांचं ऑफिस एका गॅरेजात आहे, पण गॅरेज हवेशीर आहे, त्यांना तक्रार नाही.

शंकर नगरातलं त्यांचं क्वार्टर दोन खोल्यांचं. सकाळी वसूने चीला केला. तांदळाच्या पिठाचा, जाळीदार, आपल्या घावनाची सख्खी बहीण, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. आपण घावन गूळ-नारळाच्या रसात बुडवतो हे ऐकून शेजारच्या छत्तीसगढी बाईंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. वसूच्या बोलण्यात आता हिंदी खूप आली आहे, आणि तिची वऱ्हाडी पुण्यात थोडी दबून असायची ती इथे मोकळी झाली आहे. भाजीवालीला ती अर्ध्या छत्तीसगढीत 'हव', म्हणजे हो, म्हणते.

दुपारी आम्ही सभागृहात गेलो. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, आणि आमच्या वाजवण्यापर्यंत, म्हणजे रविवारपर्यंत, मोकळं राहील असं ज्याच्याबद्दल वसूला वाटत होतं त्या हॉलमध्ये लोखंडी कपाटं येऊन पडली होती. ओळीने, पाठीला पाठ लावून. पियानो मधोमध अडकला होता आणि त्याच्यावर कुणीतरी टेबलपंखे ठेवले होते.

वसूने एकेक पंखा उचलून खाली ठेवला. मग झाकण उघडून तिने एक स्वर दाबला. तो वाजला. शेजारचा वाजला नाही. दमटपणाने पट्टी फुगली होती.

तिथल्या बडे बाबूंकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे, आम्ही गेलो. त्यांनी खूप ऐकून घेतलं. आम्ही काय वाजवणार, त्याला तिकीट आहे का, मंत्री येणार आहेत का, हे त्यांनी विचारलं, आणि यातलं काहीच नाही हे कळल्यावर ते निवांत झाले. कपाटं हलवायला माणसं नाहीत, पण रविवारी कुलूप उघडून देतो म्हणाले. सोमवारी फायली येणार होत्या.

गुढियारी आणि पुरानी बस्ती

पहिलं व्हायोलिन म्हणजे डॅनियल भैया. रेल्वेतून निवृत्त झालेले, गुढियारीत राहणारे. त्यांच्या गल्लीत दिवसभर ट्रक आणि हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या, धान्याची धूळ. त्या गोंगाटात एका खोलीच्या प्रार्थनाघरात ते वाजवतात, आणि ट्रकचा हॉर्न वाजला की तो संपेपर्यंत स्वर धरून ठेवतात. वसूशी त्यांची ओळख नाताळात झाली. तिला भजनांना साथ करायला बोलावलं होतं आणि हार्मोनियमवर तिचे हात पाहून त्यांनी विचारलं होतं की दीदी, हे हात आणखी कशावर चालत होते का.

दुसरं व्हायोलिन मेघना. ती पुरानी बस्तीतली, कॉलेजात शिकवते. तिचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. घरी आई मराठी बोलते, मेघनाला सगळं समजतं आणि उत्तर ती हिंदीत देते. तिच्या आईने आम्हाला जेवायला बोलावलं. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची आमटी होती, भात होता आणि फरा होता. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या लांब वळकट्या, तीळ-मोहरीची फोडणी दिलेल्या. आईंनी विचारलं की पुण्यात आमच्यासारखं मराठी कुणी बोलतं का. मी म्हटलं, तुमच्यासारखं नाही. त्यांना ते आवडलं की लागलं, मला कळलं नाही.

जेवणानंतर मेघनाने तिचं स्वरलिपीचं पान काढून आम्हाला एका जागी बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या भागाची सुरुवात. तिथे तिला आणि डॅनियल भैयांना फार काही नाही, मला थोडंसं आहे, पियानोला आहे.

"यहाँ मेलडी किसके पास है?" तिने विचारलं.

मी म्हटलं की व्हायोलाकडे, आणि व्हायोला नाही, तर ती धून मी चेलोवर घेईन. स्वर चेलोत सहज बसतात. पुण्याहून निघताना मी तसं बसवूनही पाहिलं होतं.

"नाही," वसू म्हणाली.

मी म्हटलं, अगं, मग ऐकणाऱ्याला काय कळणार? नुसती साथ वाजेल.

"वाजू दे नं साथ. ती जागा तिची आहे."

मेघनाची आई पाणी घेऊन आली आणि विषय तिथेच थांबला. परतताना तळ्याच्या काठाने आलो. रायपुरात दर दोन पाऱ्यांमागे, म्हणजे मोहल्ल्यांमागे, एक तळं आहे, आणि संध्याकाळी बाया तिथे भांडी घासत गप्पा मारतात. वसू माझ्या पुढे चालत होती. मला तिचा रागही आला होता आणि तिला मागून हाक मारावी असंही फार वाटत होतं. आम्ही तिघी पुण्यात रस्त्याने चालायचो तेव्हा मधे नेहमी नलू असायची. आता दोघींच्या मधलं अंतर किती ठेवायचं हेच आम्हाला ठरवता येत नव्हतं.

रविवार

ऐकायला आले ते असे: दिवाकरराव, डॅनियल भैयांच्या पत्नी, मेघनाची आई, बडे बाबू आणि त्यांचं सबंध कुटुंब, आणि चौकीदार. खुर्च्या कपाटांच्या मधल्या बोळांत लावल्या होत्या, त्यामुळे बडे बाबूंच्या मुलींना फक्त पियानो दिसत होता आणि चौकीदाराला फक्त मी. अडकलेली पट्टी वसूने आदल्या दिवशी दिव्याच्या उबेने सुकवून मोकळी केली होती.

वसूने सुरुवात केली. मी बो तारेवर ठेवला आणि ती धून निघाली. इतक्या वर्षांनी तिच्या हातांखालून येणारी ती साथ ऐकताना मला एकदम जाणवलं की मी इतकी वर्षं घरी एकटीने जे वाजवत होते ते अर्धं होतं. लोखंडी कपाटं घुमत होती. मोठ्या आवाजाच्या जागी त्यांची दारं हलकेच थरथरायची. डॅनियल भैया दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा हसले. मेघना अजिबात चुकली नाही, कारण ती श्वास घ्यायलाच विसरली होती. पहिला भाग संपल्यावर बडे बाबूंनी टाळ्या वाजवल्या, आणि वसूने मान हलवून त्या स्वीकारल्या.

मग दुसरा भाग.

पियानो वरून उतरत येतो. थोडकेच स्वर, कुणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबावं तसे. मग व्हायोलाची जागा आली, आणि तिथे कुणी नव्हतं. वसू साथ वाजवत राहिली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना तेवढंच सुंदर वाटलं असेल. मला मात्र ती धून नलूच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होती, तिचं ते खालच्या तारेवर किंचित उशिरा पोचणंसुद्धा. मी वसूकडे पाहिलं. ती पट्ट्यांकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते.

मधे लय बदलते, व्हायोलिन गोड बोलू लागतात, ऊन पडल्यासारखं होतं. मग पुन्हा ती शांतता येते आणि तीच धून परत येते. पुन्हा पियानो उतरला. पुन्हा ती जागा जवळ आली. मी बो खाली ठेवून बसले होते.

वसूने मान वळवली.

"घे," ती म्हणाली. वाजवता वाजवताच, साध्या आवाजात, जेवताना ताट पुढे करावं तसं.

मी घेतली. कशी वाजली हे मला सांगता येणार नाही. चेलोवर ती नलूसारखी वाजणं शक्य नव्हतं आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. मेघनाने श्वास सोडल्याचं मात्र मला ऐकू आलं.

पुढचे दोन भाग आम्ही जवळजवळ धावतच संपवले. शेवटी बडे बाबूंच्या पत्नी वसूपाशी आल्या आणि म्हणाल्या की बीचवाला जो था, त्याने त्यांना त्यांचं माहेर आठवलं. त्यांचं माहेर विचारलं तर ते चार रस्ते पलीकडे होतं.

सोमवारी सकाळी गुढियारीचे चार हमाल हातगाडी घेऊन आले. पियानो डॅनियल भैयांच्या प्रार्थनाघरात जाणार असं ठरलं होतं. तिथे जिना नाही. गाडी रस्त्याला लागली तेव्हा आतल्या तारा प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या. वसू घरी न थांबता गाडीमागून चालत गेली. मी तिच्याबरोबर गेले. या वेळी आम्ही शेजारी शेजारी चाललो.

निघताना

माझी गाडी दुपारची होती. दिवाकररावांनी पेटी आत नीट लावून दिली आणि ते पाण्याची बाटली आणायला गेले. वसू खिडकीपाशी उभी होती. दुपारचं ऊन फलाटाच्या अर्ध्या भागावर होतं. डब्यात फरा बांधून दिलाय, तो संध्याकाळच्या आत खा, नाहीतर आंबेल, असं ती सांगत होती. मग ती थांबली आणि गजाला धरून म्हणाली, "सुधा, तिले लय त्रास झाला काय?"

मी सांगायला लागले. शेवटच्या महिन्यात तिला जेवण जात नव्हतं, पण ठेच्याचा वास घ्यायला ती वाटी मागायची. व्हायोला पलंगासमोर खुंटीला टांगला होता. हवेने तारा उतरायच्या, आणि त्या उतरल्या की मला झोप लागत नाही म्हणायची, म्हणून मी रोज संध्याकाळी जाऊन तो सुरात लावून यायचे. वाजवायचा नाही, नुसता लावायचा. एक दिवस मी खुंटीकडे हात नेला तर म्हणाली, आज राहू दे.

इतकं झालं आणि गाडी हलली.

वसूने गज सोडला नाही. दोन पावलं ती गाडीबरोबर चालली. मग दारातल्या माणसाने हात दिला आणि ती चढली. खिडकीतून मला दिवाकरराव दिसले, हातात बाटली घेऊन उभे. त्यांनी आम्हा दोघींना एका खिडकीत पाहिलं, आणि हात वर करून त्यांनी आरडाओरडा न करता एवढंच म्हटलं, "दुर्गले उतर व, वसू."

ती माझ्या शेजारी बसली. पायात घरातल्या चपला, हातात काही नाही. टीसी आला तर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. तो आलाच नाही. "मग?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. नलू रागावायची कुणावर, हसायची कशाला, कोण येऊन गेलं, तिने कुणाला भेटायला नाही म्हटलं. तिला वसूची आठवण यायची का, हे वसूने विचारलं नाही, तरी मी सांगितलं की एकदा ती माझ्यावर चिडली होती आणि मला वसू म्हणून हाक मारून मोकळी झाली होती. वसू खूप हसली. मग रडली. मग विचारलं, कशावरून चिडली होती? मी तेही सांगितलं.

भिलाईच्या कारखान्याच्या चिमण्या मागे गेल्या. दुर्ग आलं. गाडी थांबली, चहावाले आले, लोक उतरले, चढले. वसू खिडकीबाहेर बघत बसून राहिली.

"सांग नं," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

राजनांदगावला ती उतरली. ऊन कलत आलं होतं. परतीची गाडी कोणत्या फलाटावर येते ते तिने एकाला हिंदीत विचारलं, मला हात केला, आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागली.